मॅग्नेशियमचा पत्रा फुटतो का, आणि कण बारीक केले की तो ताणतो कसा?

छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात सध्या इलेक्ट्रिक गाड्यांचीच चर्चा आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने इथल्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला, इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या एथरचं नाव जवळच्या बिडकीनशी जोडलं गेलं. तेव्हापासून वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यातल्या सुट्या भागांच्या कारखानदारांच्या बोलण्यात एक विषय हमखास येतो, तो म्हणजे गाडीचं वजन. बॅटरीच इतकी जड असते की बाकी गाडीतून जमेल तेवढे किलो उतरवावे लागतात. मग कुणीतरी मॅग्नेशियमचं नाव काढतं आणि समोरचा लगेच म्हणतो, "त्याचा पत्रा वाकत नाही हो, फुटतो."

दोघांचंही बरोबर आहे. मॅग्नेशियम हलकं आहे आणि त्याचा पत्रा फुटतोही. पण तो फुटणं हा त्या धातूचा कायमचा स्वभाव नाही. धातूच्या पोटातली रचना बदलली तर हेच मॅग्नेशियम तुटण्याआधी मूळ लांबीच्या कित्येक पट ताणतं. संशोधनाच्या भाषेत याला सुपरप्लास्टिक वर्तन म्हणतात. हे कसं घडतं आणि आपल्या भागातल्या प्रेस शॉपवाल्याने, म्हणजे पत्रा दाबून भाग पाडणाऱ्याने, त्याकडे का बघावं, ते पायरीपायरीने पाहू.

हलकं म्हणजे नेमकं किती?

एक घनसेंटिमीटर पोलादाचं वजन सुमारे ७.८५ ग्रॅम, ॲल्युमिनियमचं २.७ ग्रॅम आणि मॅग्नेशियमचं १.७४ ग्रॅम. नुसते हे आकडे पाहिले तर मॅग्नेशियम पोलादाच्या पाव वजनाचं वाटेल. पण असा हिशेब फसवा असतो, कारण मॅग्नेशियम पोलादाइतकं ताठ नाही. बॅटरीच्या खोक्याचं झाकण तितकंच ताठ राहायला हवं असेल तर पत्रा जाड घ्यावा लागतो, पोलादाच्या साधारण १.७ पट. ती जाडी धरूनही, पोलादाचं झाकण १० किलोचं असेल तर ॲल्युमिनियमचं ५ किलोच्या आसपास येतं आणि मॅग्नेशियमचं पावणेचार किलोच्या आत. हा फरक खरा आहे आणि मोठा आहे.

गाड्यांमध्ये मॅग्नेशियम नवीन नाही. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलच्या इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये मिळून वीसेक किलो मॅग्नेशियम असायचं. आजही स्टिअरिंग व्हीलच्या आतला सांगाडा किंवा डॅशबोर्डमागची आडवी पट्टी कित्येक गाड्यांत मॅग्नेशियमची असते. मात्र हे सगळं कास्टिंग, म्हणजे वितळवून साच्यात ओतलेलं. पत्रा दाबून केलेले भाग जवळजवळ नाहीतच. अडचण तिथेच आहे.

फुटतो कशामुळे?

धातू बाहेरून एकसंध दिसला तरी आतून तो असंख्य छोट्या स्फटिकांचा बनलेला असतो. या प्रत्येक स्फटिकाला कारखान्यात 'ग्रेन' म्हणतात, आपण 'कण' म्हणू. हे कण सूक्ष्मदर्शकाशिवाय बघायचे असतील तर एखाद्या जुन्या पत्र्याच्या शेडकडे नीट पाहा. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर चंदेरी-करड्या छटांची जी फुलं दिसतात, ती जस्ताचे कण आहेत. एक फूल म्हणजे एक स्फटिक. शेजारच्या फुलाची छटा वेगळी दिसते, कारण त्या स्फटिकाच्या अणूंच्या ओळी वेगळ्या दिशेने मांडलेल्या असतात आणि उजेड वेगळ्या कोनातून परततो. दोन फुलांमधली रेघ म्हणजे कणांची सीमा. या लेखाचा सगळा भर त्या रेघेवर आहे.

मॅग्नेशियमची अणुरचना जस्तासारखीच षटकोनी आहे. पत्रा वाकतो तेव्हा कणांच्या आत अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. कणांचा समूह न फुटता कसाही आकार घेऊ शकायचा, तर प्रत्येक कणाला किमान पाच स्वतंत्र प्रकारे घसरता आलं पाहिजे. ॲल्युमिनियमला ते सहज जमतं. मॅग्नेशियमला साध्या तापमानाला एकच थर सोपा पडतो, षटकोनाचा तळ, आणि त्यातून स्वतंत्र असे दोनच प्रकार मिळतात. बाकीच्या दिशांना घसरायला जोर फार लागतो. त्या आधीच कणांच्या सीमेवर ताण साचतो आणि तडा जातो. त्यात पत्रा लाटला की बहुतेक कणांचा तळ पत्र्याला समांतर होऊन बसतो. पत्रा पातळ व्हायला ज्या दिशेची घसरण हवी, नेमकी तीच सगळ्यात अवघड होते. थंड मॅग्नेशियम लाटताना कडा कातरल्यासारख्या फाटतात त्या यामुळे.

गरम केलं की परिस्थिती सुधारते. साधारण २०० ते २२५ अंश सेल्सिअसच्या पुढे इतर थरही घसरू लागतात. 'वॉर्म फॉर्मिंग'चा आधार हाच आहे. पण त्याने पत्रा फक्त वाकण्याजोगा होतो. सुपरप्लास्टिक वर्तन ही त्यापुढची गोष्ट आहे आणि तिथे वेगळीच यंत्रणा कामाला लागते.

ज्वारीचं पोतं आणि खडीचं पोतं

ज्वारीचं भरलेलं पोतं कोपऱ्यात लोटलं तर ते कोपऱ्याचा आकार घेतं. त्यासाठी एकही दाणा चेपावा लागत नाही. दाणे एकमेकांवरून सरकतात, शेजारी बदलतात आणि जागा भरतात. तेच पोतं मोठ्या खडीचं असेल तर ते अडतं.

सुपरप्लास्टिक धातूत हेच होतं. कण स्वतः फारसे लांबत नाहीत, सीमेवरून एकमेकांवर सरकतात. याचा पुरावा डोळ्यांनी दिसतो. नमुना पाचपट लांब ताणून, कापून, पॉलिश करून, पृष्ठभाग आम्लाने हलका झिजवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर कण आधी होते तसेच गोलसर सापडतात. साध्या पद्धतीने ताणलेल्या धातूत ते शेवयांसारखे लांबलेले दिसले असते.

ज्वारीची उपमा इथे थांबवावी लागते, आणि जिथे ती तुटते तिथेच खरं विज्ञान सुरू होतं. पोत्यात दाण्यांमध्ये फटी असतात आणि त्या असल्या तरी चालतात. धातूत फट म्हणजे तड्याची सुरुवात. दोन कण सरकले की तिसऱ्या कणाच्या कोपऱ्यावर जागा रिकामी होऊ पाहते, आणि ती तुटण्याआधी अणूंनी तिथे पोचून भरावी लागते. अणूंना इतकं फिरता यायला उष्णता हवी. ढोबळ नियम असा की तापमान वितळबिंदूच्या निम्म्याहून जास्त हवं, केल्विनमध्ये मोजून. मॅग्नेशियमसाठी ते सुमारे १९० अंश सेल्सिअस येतं. आणि अणूंना कापायचं अंतरही थोडं हवं, म्हणजे कण बारीक हवेत, साधारण १० मायक्रॉनपेक्षा लहान. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज बांधा. ओतलेल्या मॅग्नेशियममध्ये कण सहज शंभर-दोनशे मायक्रॉनचे असतात.

आणखी एक गुण लागतो. कुठलीही पट्टी ताणली की एखाद्या जागी ती बारीक होते आणि तिथेच तुटते. सुपरप्लास्टिक धातू जास्त वेगाने ताणला की जास्त विरोध करतो, वेग दुप्पट केला तर विरोध सुमारे १.४ पट होतो. बारीक झालेली जागा बाकीच्या पट्टीपेक्षा वेगाने ताणू लागते, म्हणून लगेच जास्त विरोध करते, आणि ताण बाजूच्या जाड भागाकडे जातो. पट्टी सगळीकडे सारखी पातळ होत राहते.

मूळ लांबीच्या ४०० टक्के वाढ झाली तर त्याला सुपरप्लास्टिक म्हणायचं, असा संकेत संशोधकांमध्ये रुळला आहे. हा प्रकार तसा जुना आहे. १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये सी. ई. पिअर्सन यांनी बिस्मथ आणि कथलाच्या मिश्रधातूचा नमुना १९५० टक्के ताणून दाखवला होता. मॅग्नेशियममध्ये सर्वात गाजलेला आकडा २००८ चा आहे. फिगेरेडो आणि लँगडन या संशोधकांनी झेडके६० या मिश्रधातूचे कण मायक्रॉनपेक्षाही बारीक केले आणि २०० अंशाला त्याचा नमुना ३०५० टक्के ताणला. एक सेंटिमीटरची पट्टी सव्वाएकतीस सेंटिमीटरच्याही पुढे गेली. झेडके६० मध्ये सुमारे ६ टक्के जस्त आणि अर्धा टक्का झिरकोनियम असतं, बाकी सगळं मॅग्नेशियम.

आकडा थक्क करतो, पण वेळ किती लागला?

कारखानदाराने हाच प्रश्न विचारायला हवा. त्या प्रयोगात ताणण्याचा वेग होता सेकंदाला मूळ लांबीच्या दहा हजाराव्या भागाइतका. त्या वेगाने ३०५० टक्क्यांपर्यंत जायला तीन दिवसांहून जास्त लागतात. प्रयोगशाळेसाठी हे यश आहे, प्रेस शॉपसाठी नाही. तेवढ्याच वेगाने नुसते ४०० टक्के गाठायचे तरी अकरा तास जातात. वाळूजच्या प्रेसवर एक भाग काही सेकंदांत पडतो.

कण बारीक करण्याचं खरं मोल इथे कळतं. एकच तापमान आणि ओढण्याचा एकच जोर धरला, तर सरकण्याचा वेग कणाच्या आकाराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. कण निम्मा केला तर वेग चौपट. १० मायक्रॉनचा कण १ मायक्रॉनवर आणला तर वेग शंभरपट. ज्याला अकरा तास लागायचे त्याला सात मिनिटांहूनही कमी लागतात. सेकंदाला मूळ लांबीच्या शंभराव्या भागाचा हा वेग गाठला की संशोधक त्याला 'उच्च वेगाची सुपरप्लास्टिसिटी' म्हणतात. शिवाय बॅटरीच्या झाकणासाठी पत्रा ४०० टक्के ताणावा लागतच नाही, खोल कोपऱ्यांतसुद्धा शंभर-दीडशे टक्क्यांत भागतं. म्हणजे वेळ आणखी कमी होतो.

माझ्या मते या विषयावर लिहिताना ३०५० च्या आकड्यामागे धावणं ही मोठी दिशाभूल आहे. धातू किती लांबतो यापेक्षा पुरेसा लांबायला किती मिनिटं घेतो, यावर तो कारखान्यात येणार की प्रयोगशाळेतच राहणार हे ठरतं.

कण बारीक करायचे कसे?

पहिली पायरी ओतकामाची. मॅग्नेशियममध्ये ॲल्युमिनियम नसेल तर थोडं झिरकोनियम टाकतात. त्याची अणुरचना मॅग्नेशियमसारखीच षटकोनी आणि मापंही जवळपास सारखी, त्यामुळे त्याचे अतिसूक्ष्म खडे वितळलेल्या धातूत बीजाचं काम करतात आणि एकाच वेळी असंख्य ठिकाणी स्फटिक धरू लागतात. जागेसाठी स्पर्धा वाढली की प्रत्येक कण लहान राहतो. पत्र्यासाठी सर्वाधिक चालणाऱ्या एझेड३१ या मिश्रधातूत मात्र ३ टक्के ॲल्युमिनियम असतं. झिरकोनियम त्याच्याशी संयोग पावून वाया जातं, म्हणून तिथे हा उपाय चालत नाही.

दुसरी पायरी गरम असताना धातूला मळण्याची. जालन्याच्या रिरोलिंग मिलमध्ये लालबुंद बिलेट, म्हणजे पोलादाचा ओतीव ठोकळा, रोलमधून जातं तेव्हा पोलादातले जुने कण मोडून नवे, ताणरहित कण धरतात. मॅग्नेशियममध्येही तेच होतं, आणि फार कमी तापमानाला होतं. नवे कण आधी जुन्या कणांच्या सीमेवर उगवतात आणि हळूहळू आत पसरतात. तापमान जितकं कमी आणि दाब जितका वेगाने, तितके ते बारीक. पण तापमान फार उतरवलं तर धातूच फुटतो. सगळं कसब ही मधली पट्टी धरण्यात आहे.

लाटण्याला एक मर्यादा आहे. प्रत्येक फेरीत जाडी घटते आणि शेवटी लाटायला धातूच उरत नाही. यावर १९७० च्या दशकात सोव्हिएत संघात व्लादिमीर सेगल यांनी एक सुंदर तोडगा काढला. जाड पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, आरपार एक नळी असते, मध्ये काटकोनात वळलेली. वरून मॅग्नेशियमची कांडी वंगण लावून पंचने, म्हणजे दाबणाऱ्या दांड्याने, दाबायची. ती वळणावर आडवी कातरली जाते आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर येते. कांडीचा छेद जसाच्या तसा राहतो, आतली रचना मात्र ढवळून निघते. जाडी गेलेली नसल्यामुळे कांडी पाव वळसा फिरवून पुन्हा घालता येते, चार-आठ वेळा. या पद्धतीला ईकॅप (इक्वल चॅनल अँग्युलर प्रेसिंग) म्हणतात. मॅग्नेशियमसाठी डाय २०० ते ३०० अंशांपर्यंत तापवावी लागते, नाहीतर कांडी पहिल्याच फेरीत तुकडे होऊन बाहेर येते. म्हणून बरेच जण आधी एक्स्ट्रूजन करून, म्हणजे गरम धातू लहान छिद्रातून दाबून बाहेर काढून, कण थोडे बारीक करतात आणि मगच ईकॅपला हात घालतात.

ईकॅपमधून कांडी मिळते, पत्रा नाही. पत्र्यासाठी मला फ्रिक्शन स्टर पद्धत जास्त आशादायक वाटते. १९९१ मध्ये ब्रिटनच्या द वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये ती जोडकामासाठी शोधली गेली, पुढे संशोधक राजीव मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कण बारीक करण्यासाठी वापरली. गरगर फिरणारी एक कठीण पिन पत्र्यात उतरवायची आणि हळूहळू पुढे सरकवायची. घर्षणाने धातू मऊ होतो, वितळत नाही, आणि पिनेभोवती ढवळला जाऊन मागे बारीक कणांचा पट्टा राहतो. भारतातल्या कित्येक अभियांत्रिकी महाविद्यालयांत हे प्रयोग साध्या उभ्या मिलिंग मशीनमध्ये थोडे बदल करून चालतात. आणि पूर्ण पत्रा ढवळायची गरजही नाही. जिथे खोल कोपरा येणार तेवढाच पट्टा केला तरी चालतं.

"गरम केलं की कण पुन्हा मोठे होणार नाहीत का?"

होतात, आणि ही शंका अगदी रास्त आहे. बारीक कणांच्या धातूत सीमा जास्त असतात, सीमांमध्ये ऊर्जा असते आणि उष्णता मिळाली की मोठे कण लहानांना गिळू लागतात. १ मायक्रॉनचे कण ४०० अंशांवर तसेच ठेवले तर सगळी मेहनत काही मिनिटांत वाया जाऊ शकते. एझेड३१ चा दुबळेपणा इथेच आहे. त्यात सीमा अडवून धरणारं फारसं काही नाही. ९ टक्के ॲल्युमिनियमच्या एझेड९१ मध्ये मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमच्या संयुगाचे सूक्ष्म खडे असतात, ते सीमांवर बसून त्यांना हलू देत नाहीत. झेडके६० मध्ये हेच काम जस्त आणि झिरकोनियमचे खडे करतात. मात्र खडे मोठे झाले तर त्यांच्याच कडेला पोकळ्या धरतात. त्यामुळे खडे हवेत, पण बारीक आणि सगळीकडे विखुरलेले.

दुसरा मार्ग तापमान उतरवण्याचा. कण जितके बारीक, तितक्या कमी तापमानाला ते सरकतात, आणि तापमान कमी असलं की वाढतही नाहीत. हा गरम पत्रा वायूच्या दाबाने साच्यात बसवतात. पोकळ्या टाळण्यासाठी हा दाब पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी देतात, आकार द्यायच्या बाजूने जास्त आणि उलट बाजूने थोडा कमी, म्हणजे आतली फट उघडायच्या आत दाबली जाते.

"पण मॅग्नेशियम पेटतं ना?"

बुरादा, चिप्स आणि पावडर पेटते, तीही भडकून. अखंड पत्रा पेटवणं फार अवघड आहे, कारण तो उष्णता झपाट्याने पसरवतो आणि बहुतेकदा आधी वितळायची वेळ यावी लागते. सुपरप्लास्टिक फॉर्मिंग ४५० अंशांच्या आत होतं, वितळायला त्याहून पुष्कळ वर जावं लागतं. धोका आहे तो मशीनिंग आणि ग्राइंडिंगच्या टेबलावर. तिथे चिप्स कोरड्या, झाकणाच्या डब्यात रोजच्या रोज काढायच्या. आग लागलीच तर पाणी मुळीच मारायचं नाही, कारण पेटलेलं मॅग्नेशियम पाण्यातून हायड्रोजन मोकळा करतं. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही उपयोगाचा नाही, त्यातही ते जळतं. धातूच्या आगीसाठीची खास पावडर किंवा पूर्ण कोरडी वाळू जवळ असलीच पाहिजे. ज्या शेडमध्ये ही शिस्त पाळली जाणार नाही, तिथे मॅग्नेशियम आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

"गंज?"

कण बारीक केल्याने हा प्रश्न सुटत नाही. पोलादी बोल्ट थेट मॅग्नेशियमला लागला आणि मध्ये पाणी आलं की मॅग्नेशियम झिजतं. मधे इन्सुलेटिंग वॉशर, वर लेप आणि धातूत लोखंडाचं प्रमाण अत्यल्प, एझेड९१डी मध्ये ०.००५ टक्क्यांच्या आत, एवढी काळजी घ्यावी लागते.

"हे सगळं आपल्याकडे कशासाठी?"

कच्च्या मालाची बाजू आपल्यासाठी कमकुवत आहे. जगातलं बहुतेक मॅग्नेशियम चीनमध्ये तयार होतं, डोलोमाइट दगडापासून, फेरोसिलिकॉन वापरून. २०२१ मध्ये तिथे वीजटंचाईने उत्पादन घटलं तेव्हा युरोपातल्या कारखान्यांचं धाबं दणाणलं होतं. भारतही प्रामुख्याने आयातीवरच आहे. भाव वरखाली होणार, हे धरूनच चालायला हवं.

पण प्रक्रियेची बाजू आपल्या भागाला अनुकूल आहे. गरम पत्रा वायूच्या दाबाने साच्यात बसवायचा असेल तर पंच आणि डाय अशी जोडी लागत नाही, एकच डाय पुरते, पंचचं काम वायू करतो. टनेज, म्हणजे प्रेसचा जोर, कमी लागतं. चार तुकडे दाबून वेल्ड करायचे, तो भाग एकाच फटक्यात निघू शकतो. टायटॅनियमला याच कामासाठी ९०० अंशांच्या आसपास जावं लागतं आणि डाय महागड्या मिश्रधातूची लागते. मॅग्नेशियमला ३०० ते ४५० अंशांत, साध्या हॉट वर्क टूल स्टीलची डाय चालते. असली डाय कापणारे हात आपल्याकडे आहेत. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममधून वर्षानुवर्षं मुलं शिकून बाहेर पडत आहेत. महिन्याला लाखभर झाकणं पाडायची असतील तर हे परवडणार नाही, तिथे पोलादाची प्रेसच जिंकेल. महिन्याला काही शे किंवा हजार-दोन हजार नग, प्रत्येक वाचवलेल्या किलोची किंमत मोजायला ग्राहक तयार, असं काम असेल तर गणित बसू शकतं: ड्रोनची शरीरं, वैद्यकीय उपकरणांची आवरणं, विमानातल्या आसनांचे भाग, महागड्या इलेक्ट्रिक दुचाकींची बॅटरीची खोकी.

कुणाला सुरुवात करायची असेल तर बारीक कणांचा एझेड३१ पत्रा मागवून आधी एक नमुना कापावा, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजावेत. मग फॉर्मिंगच्या तापमानाला अर्धा तास ठेवून पुन्हा मोजावेत. पुरवठादाराच्या सर्टिफिकेटवर ताकद आणि रसायन लिहिलेलं असतं, गरम केल्यावर कण किती वाढतात हे बहुधा नसतं. दुसऱ्या मोजणीत कण १० मायक्रॉनच्या वर गेलेले दिसले तर तो पत्रा या कामाचा नाही, आणि डायवर पैसे घालण्याआधीच ते समजलेलं असेल.